सामनाउन: पत्ता स्वित्झर्लंडचा, पाणी ऑस्ट्रियाकडे

सामनाउनला पत्र पाठवायचे तर टपाल क्रमांक ७५६२ किंवा ७५६३. दोन्ही स्विस टपालखात्याचे. गावात ध्वज स्विस, मतदान स्विस, पोलीस ग्राउब्युंडेन राज्याचे. पण गावातल्या दुकानात घेतलेली अत्तराची बाटली वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या स्विस गावात न्यायची झाली की ती कायद्याने आयात ठरते. गावकऱ्यांची बोली बाकी स्वित्झर्लंडमध्ये कुठेच बोलली जात नाही आणि ओढ्यापलीकडच्या ऑस्ट्रियन गावात मात्र घराघरात ऐकू येते. अवघ्या साडेसातशेच्या आसपास वस्तीच्या या गावाचा भूगोल नीट समजून घेतला, तर सीमावर्ती गावांच्या लोकसंख्येचे आकडे कसे वाचावेत याचा चांगला अभ्यास होतो.

खोऱ्याची रचना

सामनाउन स्वित्झर्लंडच्या पूर्व टोकाला, ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांताला लागून आहे. खोरे साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरते. मधून शेर्गेनबाख नावाचा ओढा वाहतो आणि खाली इन नदीला मिळतो. इनचे पाणी पुढे डॅन्यूबमधून काळ्या समुद्रात जाते. खालच्या टप्प्यात हा ओढाच दोन देशांची हद्द आहे. खोऱ्याचे तोंड तिरोलच्या बाजूला उघडते आणि बाकी सगळीकडून डोंगरांचा वेढा आहे. दक्षिणेला ३,२९४ मीटर उंचीचा मुटलर आणि त्याची रांग, उत्तरेला पाझनाउन खोऱ्याला वेगळी करणारी धार.

गाव म्हणजे एकच वस्ती नव्हे. ओढ्याच्या काठाने पाच वाड्या आहेत: खालून वर कोम्पाच, लारेत, प्लान, रावाइश आणि सर्वांत वर सामनाउन-डोर्फ. कोम्पाच सुमारे १,७०० मीटरवर आहे, डोर्फ १,८४० मीटरवर. या उंचीवर गहू-मका पिकत नाही. पिकते ते गवत. इथला खडक मऊ, पापुद्र्यांचा शिस्ट आहे. त्यामुळे कडे कमी आणि गवताळ उतार खूप वरपर्यंत चढलेले. शेकडो वर्षे गाई-मेंढ्या या उतारांवरच जगल्या आणि आज बर्फावरून घसरणारे पर्यटकही त्याच उतारांवर येतात. हाच मऊ खडक घळीत मात्र सुटतो, सरकतो आणि रस्त्याला त्रास देतो.

गावाचे क्षेत्रफळ सुमारे ५६ चौरस किलोमीटर. लोकसंख्येला क्षेत्रफळाने भागले तर घनता चौरस किलोमीटरला तेरा-चौदा माणसे येते. स्वित्झर्लंडची सरासरी दोनशेच्या वर आहे, म्हणजे आकड्यावरून गाव ओस वाटते. पण इमारती आणि रस्त्यांखालची जमीन एकूण क्षेत्राच्या जेमतेम दीड टक्का आहे. बाकी सगळे कुरण, थोडे जंगल आणि खडक. त्या दीड टक्क्यावर साडेसातशे माणसे मोजली, तर घनता नऊशेच्या घरात जाते. डोंगरी गावांच्या अभ्यासात ही चूक फार वेळा होते. प्रशासकीय हद्दीने भागायचे आणि 'विरळ वस्ती' असा शेरा मारायचा. कोम्पाचमध्ये उभे राहणाऱ्याला विरळ काहीच दिसत नाही. तिथे हॉटेलाला हॉटेल आणि दुकानाला दुकान लागलेले आहे.

रस्ता नव्हता, म्हणून सवलत

खालच्या एंगाडीन खोऱ्यातून, म्हणजे आपल्याच देशातून, सामनाउनला यायचे तर पूर्वी डोंगर ओलांडावा लागे. फुओर्क्ला माइसास ही खिंड सुमारे २,८५० मीटरवर आहे. डोर्फपासून हजार मीटरची चढण, पलीकडे तेवढाच उतार आणि वर्षातले बरेच महिने बर्फ. गाय हाकून नेता येईल, पण गाडी नेता येणार नाही. गाडीवाट होती ती फक्त खाली, ओढ्याच्या बाजूने तिरोलमध्ये. मीठ, धान्य, लोखंड, कापड सगळे तिकडून यायचे आणि जनावरे विकायला तिकडेच जायची.

यात अडचण आली ती १८४८ च्या स्विस राज्यघटनेनंतर. तोवर देशात ठिकठिकाणी जकातनाके होते. नव्या घटनेने सीमाशुल्क संघराज्याकडे गेले आणि वसुली देशाच्या सरहद्दीवर आली. झुरिच-बर्नच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा होती. सामनाउनच्या दृष्टीने ज्या एकमेव वाटेने माल येत होता, तीच वाट आता जकातीची झाली. आपल्या देशाची बाजारपेठ गाठता येत नाही आणि शेजाऱ्याच्या बाजारातून आणले तर आपल्याच सरकारला शुल्क भरा, अशी कोंडी. गावाने तक्रार लावून धरली आणि १८९२ मध्ये स्विस संघराज्य सरकारने हे खोरे सीमाशुल्क क्षेत्राच्या बाहेर काढले. शेजारचे समपुओइर खोरेही या सवलतीत येते. ते वाल्सोत गावाच्या हद्दीत आहे.

पुढे एंगाडीनच्या टोकाच्या विनादीहून खडक फोडून, अरुंद बोगदे काढून स्विस बाजूचा रस्ता १९१२ मध्ये पूर्ण झाला. सवलतीचे कारण संपले, तरी सवलत राहिली. आज सामनाउनला दोन रस्ते जातात: हा विनादीचा, आणि ऑस्ट्रियाच्या फुंड्सहून श्पिसमार्गे येणारा. विनादीचा रस्ता मोठ्या गाड्यांना सोयीचा नाही. त्याचे बोगदे जुन्या काळच्या मापाचे आहेत, म्हणून उंच बस आणि अवजड मालगाड्या ऑस्ट्रियाच्या बाजूने येतात. नियोजनाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन्ही रस्ते एकाच घळीच्या दोन काठांनी चढतात. नकाशावर दोन पर्याय दिसतात, पण मोठ्या हिमवर्षावात दोघांनाही धोका एकाच वेळी असतो.

सीमा एक नाही, पाच आहेत

या प्रकरणात सर्वांत जास्त गोंधळ 'सीमा' या एका शब्दाने होतो. सामनाउनभोवती पाच वेगळ्या रेषा आहेत आणि त्या एकमेकींवर बसत नाहीत.

राजकीय सीमा ओढ्यातून जाते. अलीकडे स्वित्झर्लंड, पलीकडे ऑस्ट्रिया. सीमाशुल्काची स्विस रेषा मात्र खोऱ्याच्या आतल्या, एंगाडीनच्या बाजूला आहे, म्हणजे सामनाउन तिच्या बाहेर पडते. युरोपीय संघाची रेषा पुन्हा ओढ्यावर. ऑस्ट्रिया १ जानेवारी १९९५ ला संघात आला, तेव्हापासून श्पिसकडचा नाका संघाची बाहेरची जकातसीमा झाला. म्हणून सामनाउन दोन्ही जकातक्षेत्रांच्या मध्ये सापडलेला तुकडा आहे. चौथी रेषा प्रवेशपरवान्याची. ती इथून दूर, शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेरच्या कडेला आहे. डिसेंबर २००८ पासून स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे आणि ऑस्ट्रिया त्याआधीपासून. मुंबईहून शेंगेन व्हिसा काढून गेलेल्याने श्पिसमार्गे ये-जा केली, तरी व्हिसावरचा एक प्रवेश खर्ची पडत नाही. पासपोर्ट जवळ हवा, आणि सामानाची तपासणी होऊ शकते ती जकातीसाठी. पाचवी रेषा मूल्यवर्धित कराची. ती तर वस्तू आणि सेवा यांच्यामधून जाते. स्विस मूल्यवर्धित कर कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सामनाउन आणि समपुओइरमध्ये तो कायदा फक्त सेवांना लागू आहे. त्यामुळे हॉटेलच्या खोलीवर निवासाचा ३.८ टक्के कर आहे, आणि त्याच हॉटेलच्या तळमजल्यावरच्या दुकानात घेतलेल्या गॉगलवर नाही.

आता हिशेब. कर वगळून १०० फ्रँकची वस्तू स्वित्झर्लंडमध्ये ८.१ टक्के दराने १०८.१० फ्रँकला पडते. ऑस्ट्रियात सर्वसाधारण दर २० टक्के आहे, म्हणजे तीच १२० ची. सामनाउनमध्ये १००. यावरून कळते की साध्या मालात स्विस गिऱ्हाइकाला फार फायदा नाही, ऑस्ट्रियन-जर्मन गिऱ्हाइकाला बरा आहे. खरी तफावत विशेष कर असलेल्या मालात पडते. स्वित्झर्लंडमध्ये मद्यार्कावर शुद्ध अल्कोहोलच्या लिटरला २९ फ्रँक कर आहे. ४० टक्क्यांच्या एक लिटर बाटलीत ०.४ लिटर शुद्ध अल्कोहोल, म्हणजे बाटलीमागे ११.६० फ्रँक. पेट्रोलवर लिटरला सुमारे ७७ राप्पन (फ्रँकचे शंभर राप्पन) खनिज तेल कर आहे. पन्नास लिटरच्या टाकीवर ३८ फ्रँकांच्या आसपास.

हा सगळा फरक गिऱ्हाइकाच्या खिशात जातो असे समजणे चूक. मद्य, तंबाखू, इंधन यांवर गाव स्वतःचा विशेष व्यवसाय कर लावते. शिवाय कलम ४ मध्ये आणखी एक अट आहे: या व्यवस्थेमुळे संघराज्याचा जो महसूल बुडतो, तो सामनाउन आणि वाल्सोत या गावांनी भरून द्यायचा. वसुलीचा जो खर्च वाचतो तेवढा त्यातून वजा होतो. त्यामुळे 'करमुक्त' हा दुकानाच्या पाटीवरचा शब्द आहे. गावाच्या जमाखर्चात करही आहे आणि भरपाईही.

परत निघताना काय चुकते तेही पाहू. एंगाडीनकडे जाणाऱ्याला स्विस नियम लागतात: १८ टक्क्यांपर्यंतचे मद्य ५ लिटर, त्यावरचे १ लिटर, सिगारेटी २५०, आणि हे १७ वर्षे पूर्ण झालेल्यांनाच. गाडीच्या टाकीतले इंधन आणि वर सुट्या डब्यात २५ लिटर चालते. मालाची किंमत दर माणशी दर दिवशी १५० फ्रँकपर्यंत माफ. १ जानेवारी २०२५ च्या आधी ही मर्यादा ३०० होती, आणि जुनी माहिती वाचून येणारे इथेच फसतात. किंमत मर्यादेच्या वर गेली, की कर वरच्या भागावर लागत नाही, सगळ्या मालावर लागतो. श्पिसकडून ऑस्ट्रियात उतरणाऱ्याला रस्त्याने प्रवासात माणशी ३०० युरो, पंधरा वर्षांखालच्याला १५० युरो. सुट्या डब्यात १० लिटरच इंधन. ४०० युरोचे घड्याळ दोघांच्या नावावर अर्धे-अर्धे दाखवता येत नाही. एक वस्तू एकाच माणसाची धरतात आणि तिच्या पूर्ण किमतीवर आकारणी होते.

माणसे किती, आणि कोणाला मोजायचे

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सामनाउनमध्ये चारशेच्याही आत माणसे होती. आज साडेसातशेच्या आसपास आहेत. शतकभरात दुप्पट. आल्प्समधल्या कितीतरी खेड्यांची लोकसंख्या याच काळात घटली, म्हणून ही वाढ लक्षात भरते आणि लगेच तिचे श्रेय करसवलतीला दिले जाते. पण काळ जुळवून पाहिला तर हे उत्तर अपुरे पडते. सवलत १८९२ ची, रस्ता १९१२ चा, आणि वाढीचा मोठा भाग दुसऱ्या महायुद्धानंतरचा. म्हणजे पहिली पन्नास-साठ वर्षे सवलत असूनही गाव गुराख्यांचेच राहिले. सवलतीने गाव टिकवले, असे म्हणता येईल. गाव वाढवले ते मोटारगाडीने, सुट्टीच्या पगाराने आणि रज्जुमार्गाने. त्यांच्या जोडीला सवलत होती, म्हणून दुकाने उभी राहिली. आज गावात पन्नासाहून अधिक दुकाने आहेत. पंधरा माणसांमागे एक दुकान, असा हिशेब साध्या गावात बसूच शकत नाही.

तुलनेला शेजारी आहेच. ओढ्यापलीकडचे श्पिस १,६२८ मीटरवर आहे, ऑस्ट्रियातले सर्वांत उंचावरचे गाव म्हणून त्याची नोंद होते. तोच बर्फ, तेच गवत, जवळपास तीच बोली. वस्ती शंभर-सव्वाशेची. दोन गावांत फरक सवलतीचा आहे हे खरे. पण रज्जुमार्ग आणि घसरगुंडीचे उतार सामनाउनच्या हद्दीत आहेत हेही तेवढेच खरे. दोन्ही कारणे एकाच बाजूला पडल्याने कोणत्या कारणाचा वाटा किती, हे या एका जोडीवरून ठरवता येत नाही.

आता 'साडेसातशे' या आकड्यात कोण आहे ते पाहू. स्विस सांख्यिकीत कायम रहिवासी म्हणजे स्विस नागरिक आणि किमान बारा महिन्यांचे वास्तव्य असलेले परदेशी. एक हॉटेल डोळ्यांसमोर आणा. मालकीण स्थानिक, ती मोजली जाते. स्वयंपाकी पोर्तुगालहून डिसेंबरात येतो, एप्रिलमध्ये जातो, त्याच्याकडे अल्पमुदतीचा एल परवाना. तो मोजला जात नाही. दुकानातली विक्रेती फुंड्सहून रोज येते, तिचा सीमापार कामगारांचा जी परवाना. या परवान्यात आठवड्यातून निदान एकदा घरी परतायचे असते. तीही मोजली जात नाही. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट शहरातल्या कुटुंबाचा, त्यांची नोंद त्यांच्या शहरात. आणि खोल्यांतले पाहुणे तर कुठेच नाहीत. हॉटेल भरलेले आहे आणि जनगणनेत तिथे एक माणूस. सांडपाणी प्रकल्प, कचरा, बर्फ हटवणे, रुग्णवाहिका यांचे नियोजन साडेसातशेच्या आकड्यावर केले, तर फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ते कोलमडेल. अशा गावात तीन आकडे वेगळे ठेवावे लागतात: नोंदलेले रहिवासी, हंगामात रात्री मुक्कामाला असलेली माणसे, आणि दिवसभरात येऊन गेलेली माणसे.

रावाइशहून वर जाणाऱ्या दुमजली रज्जुगाडीवरून तिसऱ्या आकड्याचा अंदाज येतो. १९९५ मध्ये सुरू झालेली ही गाडी जगातली पहिली दुमजली. एका वेळी १८० माणसे नेते. चार फेऱ्यांत ७२०, म्हणजे पाचव्या फेरीत सगळे गाव तान्ह्या पोरांसकट वर पोचलेले असेल. गाडी अर्थातच गावासाठी बांधलेली नाही. वर आल्प ट्रिडाचे पठार आहे आणि धारेपलीकडे ऑस्ट्रियाचे इश्गल. दोन्हींचे उतार जोडून एकच क्षेत्र झाले आहे. सकाळी इश्गलहून घसरत सामनाउनला यायचे, खरेदी करायची आणि दुपारी परत वर चढायचे, असा क्रम. धारेवर खुणेचा खांब आहे, पण जकातीचे नियम खांबापाशी संपत नाहीत. पाठीवरच्या पिशवीतल्या बाटलीलाही ते लागतात. आणि शेवटची गाडी चुकली तर मोठी पंचाईत. धारेवरून काही किलोमीटरवर असलेले इश्गल रस्त्याने लांडेकला वळसा घालून सत्तर-ऐंशी किलोमीटर पडते. परतीच्या शेवटच्या फेऱ्यांची वेळ आधी पाहायची आणि खरेदीत ती विसरायची नाही.

बोली आणि वाड्यांची नावे

हे खोरे मुळात एंगाडीनमधून आलेल्या रोमान्श भाषकांनी वसवले. प्लान म्हणजे सपाटी, लारेत म्हणजे लार्च झाडांची राई. खिंडी, कुरणे, शिखरे यांची नावे आजही रोमान्श आहेत. बोलणारे मात्र गेले. बाजार तिरोलचा, मजुरी तिरोलची, सोयरीक तिरोलची. धर्मानेही ओढ तिकडचीच. खालच्या एंगाडीनने प्रॉटेस्टंट पंथ धरला आणि सामनाउन कॅथलिक राहिले. एकोणिसाव्या शतकात घरातली भाषा तिरोलची जर्मन बोली झाली. सामनाउनची रोमान्श बोलणारी शेवटची व्यक्ती १९३५ मध्ये वारली. तीनच वर्षांनी, १९३८ मध्ये, स्विस मतदारांनी रोमान्शला चौथी राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता दिली.

बाकी सगळे जर्मनभाषक स्वित्झर्लंड आलेमानी वळणाची जर्मन बोलते. सामनाउन एकटे बव्हेरियन-ऑस्ट्रियन वळणाची. रस्ता कुठे उघडतो त्याप्रमाणे भाषा वळली, आणि १९१२ नंतर स्विस रस्ता झाल्यावरही ती मागे फिरली नाही.

आजचे ओझे

दवाखाना, शिक्षण, सरकारी काम यांसाठी दिशा अजून दुहेरी आहे. स्विस रुग्णालय श्कुओलला, ऑस्ट्रियन झाम्सला. राज्याची राजधानी खुर गाठायची तर एंगाडीनमधून व्हेराइना बोगद्याची गाडीवाहू रेल्वे धरायची. १९ किलोमीटरचा हा बोगदा १९९९ मध्ये सुरू झाला. त्याआधी हिवाळ्यात खिंडीच्या भरवशावर राहावे लागे.

गावाची सगळी मिळकत शेजारच्या चलनावर टांगलेली आहे. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस मध्यवर्ती बँकेने युरोमागे १.२० फ्रँकची किमान मर्यादा सोडली, आणि युरोत कमावणाऱ्या गिऱ्हाइकासाठी सामनाउनचा सगळा माल एका दिवसात महाग झाला. ऑस्ट्रियाच्या २० टक्के कराशी असलेले अंतर फ्रँकच्या चढत्या भावाने खाल्ले. २०२५ मध्ये स्विस मर्यादा १५० फ्रँकवर आली, तेव्हा दुसऱ्या बाजूचे गिऱ्हाईकही हात आखडू लागण्याची वेळ आली. दोन्ही निर्णय दूरच्या शहरांत, वेगळ्याच कारणांसाठी झाले. गावाच्या हातात दोनच गोष्टी आहेत: आपल्या विशेष कराचा दर आणि उतारांची देखभाल. पुढच्या दहा वर्षांत साडेसातशेचा आकडा कुठे जातो, हे पाहताना दुकानांच्या संख्येआधी कोम्पाचच्या शाळेतला पट पाहावा. हंगामी स्वयंपाकी आणि फुंड्सची विक्रेती त्या पटावर येत नाहीत. बारा महिने राहणाऱ्यांचीच मुले येतात.